लस थोडी, पंगत मोठी

आपल्या मराठी भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक मार्मिक शब्द आहे. एकाच पंगतीस बसलेल्या मंडळींपैकी एकाच्या भातावर तुपाची धार धरावी आणि दुसऱ्याच्या पानाकडे पाहूही नये, अशा वाढण्यास हे नाव आहे. 'वाढपी ओळखीचा असला म्हणजे पंगतीत कोठेही बसले तरी चालते,' असे आपण थट्टेने म्हणतो, त्यात ह्याच दोषाची कबुली आहे. अन्न मुबलक असते तेथे हा दोष फारसा जाचत नाही. पहिल्या फेरीत जे राहिले ते दुसऱ्या फेरीत मिळते. परंतु भांडे लहान आणि पंगत मोठी असेल, तर वाढप्याच्या हाताची प्रत्येक हालचाल न्यायाची किंवा अन्यायाची होते. आणि त्या भांड्यात अन्नाच्या जागी प्राण वाचविणारी लस असेल, तर चुकलेल्या फेरीची किंमत कित्येकदा प्राणानेच द्यावी लागते.

हा प्रसंग कल्पनेतला नाही. इ. स. २०२१ साली कोरोनाच्या साथीत तो साऱ्या देशावर, महाराष्ट्रावर आणि आपल्या ह्या पनवेल-उरणच्या मुलखावरही आला होता. तुमच्यांपैकी पुष्कळ जण त्या वेळी लहान होते. तुमच्या मातापित्यांस मात्र ते दिवस चांगले आठवत असतील. लस थोडी असता ती प्रथम कोणास द्यावी हे कसे ठरविले गेले, त्यात काय साधले आणि काय निसटले, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे. विषय वैद्यकाचा दिसतो. परंतु त्याचे अर्धे अंग अंकगणिताचे व अर्धे नीतीचे आहे, म्हणून तो शाळेच्या अभ्यासास सर्वस्वी योग्य आहे.

नवी लस आरंभी थोडीच असते

लस ही विटांसारखी साच्यातून भराभर काढता येण्याजोगी वस्तू नव्हे. ती तयार व्हावी लागते, पारखावी लागते, कुप्यांत भरावी लागते आणि थंड ठेवून दूरवर पोहोचवावी लागते. म्हणून कोणतीही नवी लस निघाली की काही काळ मागणी समुद्राएवढी आणि पुरवठा ओंजळीएवढा, अशी स्थिती असावयाचीच.

ह्याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या समोरच्याच मुंबई बेटावर घडले. १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या देवी काढण्यात आल्या, व त्या यशस्वी झाल्या. ह्या देशात देवीची लस लागू पडलेली ती पहिली व्यक्ती होय. ती लस बगदाद व बसरा ह्या मार्गाने मुंबईस आली होती. त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या आणि लसीचे कारखानेही नव्हते. एका मुलाच्या दंडावर फोड आला म्हणजे त्यातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलाच्या दंडास टोचावयाचा, आणि त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या, अशी ती हातोहात पुढे न्यावी लागे. म्हणजे एके वेळी ह्या अफाट देशातील देवीच्या लसीचा सारा साठा त्या एका बालिकेच्या दंडावर मावत होता! तिच्यापासून इतर मुलांस, त्यांच्यापासून आणखी कित्येकांस, अशा रीतीने ती देशाच्या अन्य भागांत पसरली.

पुढे इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तेथील जे बंदिवान स्वखुषीने पुढे आले त्यांस ती देण्यात आली. परळ येथील जी संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिचा उगम ह्या लहानशा आरंभात आहे. लस प्रथम थोडी असते, आणि तिची वाटणी करण्याचा प्रश्न लसीबरोबरच जन्मास येतो, हे ह्या दोन्ही उदाहरणांवरून ध्यानात येईल.

एका राज्याचे गणित

आता इ. स. २०२१ कडे येऊ. १६ जानेवारी रोजी भारतात कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला. लसी दोन होत्या: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोविशिल्ड, आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेली कोव्हॅक्सिन. दोहोंच्याही दोन मात्रा, म्हणजे दोन डोस, घ्यावयाच्या होत्या.

महाराष्ट्रात नोंदलेले आरोग्यसेवक सुमारे ८ लाख होते. प्रत्येकास दोन मात्रा म्हणजे १६ लाख. काही मात्रा फुटतूट व नासाडी ह्यांत जातात, त्यांसाठी शेकडा १० धरल्या तर १७ लाख ६० हजार होतात. आणि प्रत्यक्षात राज्याच्या हाती आरंभी आल्या सुमारे १० लाख! पहिल्या दिवशी ५११ केंद्रे उघडण्याचा बेत होता, तो आखडता घेऊन २८५ केंद्रांवर आणावा लागला.

ह्या दहा लाखांचे काय करावे? एक मार्ग असा, की आठही लाख सेवकांस एकेक मात्रा देऊन टाकावी आणि दुसरीसाठी पुढील साठ्यावर भरवसा ठेवावा. दुसरा मार्ग असा, की निम्म्याहून थोड्या अधिक सेवकांचीच निवड करावी, आणि त्यांची दुसरी मात्रा आधीच बाजूस काढून ठेवावी. पहिल्या मार्गाने थोडे थोडे संरक्षण पुष्कळांस मिळते. दुसऱ्याने पुरे संरक्षण थोड्यांस मिळते. आरंभी दुसरा मार्ग पत्करला गेला, कारण पुढचा साठा केव्हा येईल ह्याची खात्री नव्हती, आणि दिलेले अर्धे वचन अर्ध्यावर सोडणे इष्ट नव्हते.

परंतु हे उत्तर त्रिकाल सत्य नाही. इंग्लंडने इ. स. २०२० च्या डिसेंबरअखेर उलट निर्णय घेतला: दुसरी मात्रा बारा आठवड्यांपर्यंत पुढे ढकलावी आणि पहिली मात्रा अधिकांस द्यावी. भारतातही कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर आरंभी चार ते सहा आठवडे होते, ते मार्च २०२१ मध्ये चार ते आठ, आणि १३ मे २०२१ रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. अंतर वाढविले असता लसीचा गुण अधिक येतो असा शास्त्रज्ञांचा आधार त्यास होता. परंतु त्यायोगे हाती असलेला साठा अधिक लोकांस पुरला, हेही तितकेच खरे. दोन मात्रांमधील अंतर हीदेखील एक वाटणीच आहे.

वाटणीचे चार नियम

थोडी वस्तू पुष्कळांत वाटण्याचे ढोबळ मानाने चार नियम मनुष्यास सुचतात. ते एकेक तपासून पाहू.

पहिला नियम, जो आधी येईल त्यास. हा दिसावयास सर्वांत सरळ. परंतु पहाटे रांगेत उभे राहण्यास धडधाकट पाय लागतात आणि दिवसाचा रोज बुडाला तरी चूल पेटेल अशी ऐपत लागते. ज्या आजीस लसीची सर्वांत अधिक गरज, तीच रांगेत सर्वांत मागे राहते. 'बळी तो कान पिळी' ह्या म्हणीस रांगेचे सोवळे नेसविले, एवढाच फरक.

दुसरा नियम, जो मोल देईल त्यास. जून २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांत कोविशिल्डच्या एका मात्रेचे कमाल मूल्य ७८० रुपये ठरविले होते. घरात पाच प्रौढ माणसे असतील तर दोन मात्रांचे मिळून ७,८०० रुपये होतात. संपन्न घरास ही रक्कम मोठी नाही. मजुरी करणाऱ्या घरास ती डोंगराएवढी आहे. पैशाने औषध विकत घेण्यात पाप नाही; परंतु वस्तू अपुरी असता एकाने विकत घेतलेली मात्रा दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होत असते, हे विसरता येत नाही.

तिसरा नियम, चिठ्ठ्या टाकाव्यात. सर्वांची गरज अगदी सारखी असेल, तर ह्याहून निर्मळ नियम नाही. चिठ्ठी कोणाची ओळख मानीत नाही. परंतु गरज सारखी नसता चिठ्ठ्या टाकणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय. ऐंशी वर्षांच्या वृद्धास आणि वीस वर्षांच्या तरुणास एकाच मडक्यात हात घालावयास लावणे, ही समता दिसते, पण न्याय्य नाही.

चौथा नियम, ज्यास गरज अधिक त्यास आधी. बहुतेक देशांनी अखेर हाच नियम पत्करला. मात्र 'गरज' ह्या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत: कोणास रोग लागण्याचा संभव अधिक, लागल्यास कोण दगावण्याचा संभव अधिक, आणि कोण अंथरुणास खिळले असता इतरांचे प्राण धोक्यात येतात. ह्या तिहींतील कोणती गोष्ट आपण मोजीत आहोत, हे नियम करणाऱ्याने आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

भारतात लावलेला क्रम

आपल्या देशाच्या आरंभीच्या योजनेत १ कोटी आरोग्यसेवक, त्यांच्यानंतर पोलीस, नगरपालिकांचे सफाई कामगार इत्यादी आघाडीवरील २ कोटी कर्मचारी, आणि त्यांच्यानंतर वयाने अथवा व्याधीने धोक्यात असलेले २७ कोटी लोक, असा ३० कोटींचा अंदाज होता. १६ जानेवारीस पहिला वर्ग, फेब्रुवारीच्या आरंभी दुसरा, १ मार्चपासून साठ वर्षांवरील वृद्ध आणि पंचेचाळीस ते एकोणसाठ वर्षांचे व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व, आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, असा क्रम प्रत्यक्षात चालला.

डॉक्टर व परिचारिका ह्यांस प्रथम लस का? ते त्यांच्या श्रमांचे बक्षीस होते, असे पुष्कळांस वाटले. तसे नाही. एक परिचारिका आजारी पडली म्हणजे तिच्या हाताखालचे दहावीस रोगी उघडे पडतात. तिला दिलेली मात्रा तिच्यामार्फत त्या सर्वांस पोहोचते. आणि म्हणूनच त्या यादीत शस्त्रवैद्याबरोबर रुग्णालयातील झाडलोट करणाऱ्या कामगाराचेही नाव होते. रोगजंतू पदवी पाहून अंगास लागत नाहीत.

वय हा निकष का निवडला? ह्या रोगाने दगावणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण तरुणांच्या मानाने कितीतरी अधिक होते, हे मुख्य कारण. परंतु त्यास दुसरीही एक जोड आहे. वयाचा पुरावा सोपा असतो. तो श्रीमंतापाशी असतो तसा गरिबापाशीही असतो. व्याधीचे तसे नाही. मार्च महिन्यात पंचेचाळीस ते एकोणसाठ वर्षांच्या मनुष्यास ठरलेल्या २० व्याधींपैकी एखादी असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणावा लागे. ज्याने आयुष्यात कधी रक्तातील साखर तपासली नाही, त्यास मधुमेह असूनही दाखला कोठून मिळणार? व्याधी त्याच्या अंगात होती, पण कागदावर नव्हती. एक महिन्याने, १ एप्रिलपासून, ह्या वयाच्या लोकांस दाखल्याची अट राहिली नाही. जो नियम सिद्ध करण्यास सोपा, तो गरिबास अनुकूल असतो, हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नियमही तपासावा लागतो

नियम केला म्हणजे न्याय झाला, असे समजू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या सेवकांचा क्रम गणनयंत्राच्या साह्याने लावला. वय किती, काम कोणत्या विभागात, इत्यादी गोष्टींस गुण देऊन यादी केली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. परंतु यादी बाहेर आली तेव्हा असे दिसले, की पहिल्या ५,००० मात्रांत, रात्रंदिवस रोग्यांपाशी राबणाऱ्या १,३०० हून अधिक शिकाऊ डॉक्टरांपैकी केवळ ७ जणांची नावे होती! ते वयाने तरुण म्हणून त्यांचे गुण कमी झाले. आणि ते आज एका विभागात तर उद्या दुसऱ्यात असे फिरत असल्यामुळे त्यांच्या नावापुढे विभागाचा रकाना रिकामा राहिला. त्यांनी उघड निषेध केला, तेव्हा रुग्णालयाने क्षमा मागून क्रम सुधारला.

ह्यातून काय शिकावे? उदाहरण सोडविल्यावर तुम्ही जसा ताळा करून पाहता, तसा नियमाचाही ताळा करावा लागतो. यादी हाती आली की विचारावे: ज्यांच्यासाठी हा नियम केला, ती माणसे ह्या यादीत आहेत काय? नसतील, तर उणीव त्या माणसांत नाही. ती रकान्यांत आहे.

यादी किनाऱ्यावर, माणूस होडीवर

आता हाच ताळा आपल्या घराजवळ करून पाहू. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लस इतकी अपुरी पडली, की सातारा, सांगली आणि आपले पनवेल येथेही केंद्रे बंद ठेवण्याची पाळी आली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांसाठी 'कोविन' ह्या सरकारी व्यवस्थेवर नावे नोंदविणे सुरू झाले. पहिल्याच दिवशी देशात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. ह्या वयाच्या माणसास आरंभी थेट केंद्रावर जाऊन लस मिळत नसे. मोबाइलवर वेळ राखून ठेवावी लागे, आणि मोकळ्या जागा दिसल्या न दिसल्या तोच संपून जात.

आता करंजाच्या बंदरावरील एका तीस वर्षांच्या खलाशाची कल्पना करा. त्याची होडी समुद्रात गेली म्हणजे कित्येक दिवस किनारा दिसत नाही. खोल पाण्यात मोबाइलचा उपयोग नाही. तो परत येतो तेव्हा मासळी उतरवावयाची, जाळी विणावयाची, बर्फ भरावयाचा आणि पुन्हा निघावयाचे. ज्या घटकेस जागा खुल्या झाल्या, त्या घटकेस तो पाण्यावर होता. नियमाने त्यास वगळले नव्हते. नियमात त्याचा हक्क मुंबईतील कचेरीत बसणाऱ्या तरुणाएवढाच होता. तरीही एकाच्या बोटाखाली लस होती आणि दुसऱ्याच्या हाती वल्हे होते. शहरातील तरुण दूरच्या खेड्यांतील केंद्रांवर जागा मिळवून मोटारीने तेथे जाऊन लस घेतात, आणि गावकरी दारात उभे राहून पाहतात, अशा वार्ता त्या दिवसांत वर्तमानपत्रांत वारंवार येत. ही चिठ्ठ्या टाकण्याचीच रीत झाली खरी; पण त्यात वेगवान यंत्र बाळगणाऱ्याच्या नावाच्या दहा चिठ्ठ्या होत्या आणि खलाशाच्या नावाची एकही नव्हती.

ही उणीव पुढे ध्यानात आली. २४ मे २०२१ पासून सरकारी केंद्रांवर ह्या वयाच्या लोकांचीही जागेवर नोंद करण्यास मुभा मिळाली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांच्यापाशी ही साधने नाहीत अशा लोकांच्या अडचणीकडे सरकारचे लक्ष वेधले, आणि अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांसाठी वेगळे धोरण ठेवण्यातील विसंगतीही दाखविली. २१ जूनपासून अठरा वर्षांवरील सर्वांस सरकारी केंद्रांवर केंद्र सरकारने पुरविलेली लस विनामूल्य मिळू लागली. जे वृद्ध अंथरुणावरून उठू शकत नव्हते, त्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत अशांस घरी जाऊन लस देण्यास आरंभ झाला.

दिलेले वचन

मे २०२१ मध्ये महाराष्ट्रापुढे आणखी एक अवघड प्रसंग आला. पंचेचाळीस वर्षांवरील लाखो लोकांनी कोव्हॅक्सिनची पहिली मात्रा घेतली होती. त्यांची दुसरीची मुदत भरत आली, आणि साठा संपला. दुसरीकडे तरुणांसाठी म्हणून राज्याने विकत घेतलेल्या सुमारे पावणेतीन लाख मात्रा शिल्लक होत्या. त्या कोणाच्या? तरुणांच्या नावाने आणल्या म्हणून तरुणांच्या, की ज्यांचे अर्धे काम झाले आहे त्यांच्या? राज्य सरकारने तरुणांचे लसीकरण काही काळ थांबवून त्या मात्रा दुसरीची वाट पाहणाऱ्यांस दिल्या.

तरुणांस हे कटू वाटले असल्यास नवल नाही. तथापि विचार करा: ज्यास पहिली मात्रा दिली, त्यास आपण मुदतीत दुसरी देण्याचे वचन दिले होते, आणि वयामुळे त्याचा धोकाही अधिक होता. दोन्ही पारडी एकाच बाजूस झुकत होती. कठीण प्रसंगी निर्णय कोणास तरी कटू लागतोच. त्याचे कारण स्पष्ट सांगितले असेल, तर तो सोसता येतो. कारण न सांगता घेतलेला योग्य निर्णयही लोकांस पक्षपातासारखा भासतो.

कुपीचा तळ

इथवर आपण मंत्रालयाचे व न्यायालयाचे निर्णय पाहिले. पण वाटणीचा शेवटचा निर्णय लस टोचणारी परिचारिकाच घेते. कोविशिल्डच्या एका कुपीत १० मात्रा असत. ती २ ते ८ अंश उष्णतेत राखावी लागे, आणि एकदा उघडली की चार तासांच्या आत संपवावी लागे. संध्याकाळी सहा माणसे उरली असतील तर कुपी उघडावी काय? उघडली तर चार मात्रा वाया जाण्याचे भय. न उघडली तर सहा माणसे रिक्त हस्ते परत जाणार.

ह्या चार उरलेल्या मात्रांतच पंक्तिप्रपंचाचा खरा मोह असतो. 'नाही तरी वायाच जाणार,' असे म्हणत ओळखीचा मनुष्य त्या वेळी दारात येतो. ह्यावर उपाय सोपा आहे: पुढील क्रमातील, जवळ राहणाऱ्या व निरोप मिळताच येऊ शकणाऱ्या लोकांची राखीव यादी सकाळीच करून भिंतीवर लावावी. मग सायंकाळी ओळख विचारण्याचे कारणच उरत नाही.

आणि कुशल हात काय करू शकतो, तेही ऐका. कुपी भरताना तिच्यात दहा मात्रांहून किंचित अधिक लस घातलेली असते. केरळातील परिचारिकांनी थेंब न सांडता ती इतक्या काटेकोरपणे काढली, की मे २०२१ च्या आरंभापर्यंत त्या राज्यास ७३,३८,८०६ मात्रा मिळाल्या असता त्यांनी ७४,२६,१६४ मात्रा लोकांस दिल्या. वजाबाकी करून पाहा: ८७,३५८ मात्रा केवळ हातांच्या नीटनेटकेपणातून निर्माण झाल्या! तुटीच्या काळी काळजीपूर्वक केलेले काम हेही एक दानच आहे.

उपसंहार

पुढे पुरवठा वाढला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी. तूट सरली आणि तिच्याबरोबर हा वादही विसरला गेला. परंतु साथी पुन्हा येतात, आणि नवी लस आली की तिचे भांडे आरंभी लहानच असते. लसच कशाला? पाण्याचा टँकर, पुरानंतरचे धान्य, वसतिगृहातील जागा, ह्या सर्वांची वाटणी तुम्हांस मोठेपणी कोठे ना कोठे करावी लागेल. तेव्हा स्वतःस चार प्रश्न विचारा. मी कोणते हित साधू पाहतो, हे आधी सांगितले आहे काय? माझा नियम सर्वांस ठाऊक आहे काय, आणि तो माझ्या भावास व अनोळखी मनुष्यास सारखाच लागतो काय? नियमाने जे घडले त्याचा मी ताळा केला काय? आणि जो येथवर येऊच शकला नाही, त्याच्याकडे कोणी गेले काय? ह्यांतील चौथा प्रश्न सर्वांत अधिक विसरला जातो. कारण जो आलाच नाही, तो तक्रार करावयासही येत नाही.

अभ्यास

१. एका तालुक्यात १,२०० आरोग्यसेवक आहेत. प्रत्येकी दोन मात्रा व शेकडा १० नासाडी धरून किती मात्रा लागतील? प्रत्यक्षात १,३२० च मात्रा आल्या, तर तुम्ही त्या कशा वाटाल? कारणे लिहा.

२. केंद्रावर २३ माणसे आहेत आणि प्रत्येक कुपीत १० मात्रा आहेत. तिसरी कुपी उघडाल काय? उरलेल्या तिघांपैकी एक वृद्ध रेवसहून खाडी ओलांडून आला आहे आणि त्यास शेवटच्या होडीने परतावयाचे आहे, असे कळल्यास तुमचे उत्तर बदलेल काय?

३. मासेमारीस जाणाऱ्या लोकांस लस चुकू नये म्हणून केंद्र कोठे, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी भरवावे, ह्याची योजना आखा. ती आखण्यापूर्वी एखाद्या तांडेलास विचारून या.

४. इ. स. २०२१ मध्ये तुमच्या घरातील माणसांस लस कोणत्या क्रमाने मिळाली आणि त्यासाठी काय काय करावे लागले, हे वडीलधाऱ्यांस विचारून एक पानभर लिहा. पालकांनीही ह्या कामी मुलांपाशी घटकाभर बसावे, अशी विनंती आहे.